चार रस्त्यांचा संच आणि सात रस्त्यांचा चौक

शालेय विज्ञान प्रदर्शनात हमखास आढळणारी एक वस्तू म्हणजे चौकातील वाहतूक-दिव्यांची प्रतिकृती. थर्माकोलवर काळे रस्ते रंगवलेले असतात, चार बाजूंना चार खांब असतात आणि त्यांवरील लाल, पिवळे, हिरवे दिवे पाळीपाळीने लागतात. या खेळाचा सूत्रधार असतो आगपेटीपेक्षाही लहान असा मायक्रोकंट्रोलर, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक. गणन करणारा प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या तारा ही सारी व्यवस्था त्यात एकाच चिपवर असते. इंटेल कंपनीची ८०५१ ही प्रसिद्ध चिप १९८० साली आली. पण अशा चिपा शाळकरी मुलांच्या हाती सहजपणे पडू लागल्या त्या २००५ साली इटलीत आर्डुइनो बोर्ड तयार झाल्यानंतर. आपल्याकडे २०१६ साली अटल टिंकरिंग लॅब योजना सुरू झाली आणि निवडलेल्या शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले.

ही गोष्ट आनंदाची आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे, की बाजारातून आणलेला संच जोडून त्यात तयार प्रोग्राम भरणे म्हणजे विज्ञानाचा प्रकल्प नव्हे. दिवे लागतात, परीक्षक मान डोलावतात, बक्षीसही मिळते. पण विद्यार्थ्याच्या डोक्यात मात्र एकही दिवा लागत नाही.

हे कसे, ते आपल्या सोलापूरच्याच उदाहरणाने पाहू. संचातला चौक नेहमी चार रस्त्यांचा असतो. आपल्याकडे मात्र 'सात रस्ता' आहे! नावाप्रमाणे येथे सात रस्ते आहेत असे धरू आणि या चौकासाठी दिव्यांची योजना आखू. प्रत्येक रस्त्याला तीन दिवे, म्हणजे एकूण २१ दिवे झाले. आर्डुइनो उनो या लोकप्रिय बोर्डावर १४ अंकीय पिना असतात. सहा सदृश पिनाही त्याच कामी लावता येतात. एकूण २० झाल्या. नेमकी एक पिन कमी पडते! नक्कल करणारा येथे थांबतो. विचार करणारा येथूनच सुरुवात करतो.

त्याला दिसते, की लाल दिव्याला स्वतंत्र आज्ञेची गरजच नाही. हिरवाही नाही आणि पिवळाही नाही, तेव्हा लाल. 'हेही नाही, तेही नाही' हे ओळखणारे नॉर द्वार तुम्ही पुस्तकात वाचले असेल. अशी सात द्वारे वापरली, तर १४ पिनांत काम भागते. दुसरा मार्ग सरकत्या नोंदवहीचा, म्हणजे शिफ्ट रजिस्टरचा. ७४ एचसी ५९५ या चिपला आठ निर्गम असतात. अशा तीन चिपा साखळीने जोडल्या, की केवळ तीन पिनांवरून २४ दिवे हाताळता येतात. तोच प्रश्न, पण उत्तरे दोन. त्यांतले कोणते निवडावे आणि का, हे ठरवणे हेच खरे शिक्षण होय.

आता वेळेचा हिशोब करा. प्रत्येक रस्त्याला २० सेकंद हिरवा आणि ३ सेकंद पिवळा दिला, तर चार रस्त्यांचे चक्र ९२ सेकंदांचे होते आणि लाल दिव्यापाशी ६९ सेकंद थांबावे लागते. सात रस्त्यांचे चक्र मात्र १६१ सेकंदांचे होते आणि थांबावे लागते १३८ सेकंद! वैशाखाच्या उन्हात सव्वादोन मिनिटांहून अधिक काळ कोण उभा राहील? तेव्हा कोणत्या दोन रस्त्यांवरची वाहने एकमेकांना न अडवता एकाच वेळी सोडता येतील, हे शोधावे लागते. त्यासाठी कडेला सुरक्षित जागी उभे राहून, वही-पेन्सिल घेऊन, सकाळी आणि सायंकाळी वाहने मोजावी लागतात. आज प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही हाताशी आहे. ती आज्ञावली क्षणात देईल. पण कोणत्या रस्त्यावर किती रिक्षा आल्या, हे तुम्ही मोजून सांगितल्यावाचून तिला कसे कळणार?

तिसरी गोष्ट रुग्णवाहिकेची. तयार प्रोग्रामांत बहुधा 'डिले' ही आज्ञा असते. तिचा अर्थ, इतका वेळ थांब. त्या वीस सेकंदांत रुग्णवाहिकेसाठी ठेवलेले बटण दाबले, तरी साध्या प्रोग्रामला त्याचा पत्ताच लागत नाही. सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके मोजणारी चिप अशा वेळी नुसती वाट पाहत बसते! उपाय सोपा आहे. सुरुवातीची वेळ नोंदवून ठेवावी, घड्याळ पुन्हा पुन्हा पाहावे आणि मधल्या वेळात बटणाकडेही लक्ष द्यावे. दूध उतू जाऊ नये म्हणून लक्ष ठेवणारी आई त्याच वेळी पोळ्याही लाटते, तसेच हे.

आणि हा विषय आपल्या शहराला अगदीच परका आहे असे मानू नका. सोलापुरी चादरीवरील मोर ज्या जॅकार्ड यंत्रणेने विणला जातो, ती मूळची १८०४ सालची. तिच्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असे. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तेथे तो खालीच राही. होय आणि नाही, एक आणि शून्य! नुसता माग चालवणे वेगळे आणि नव्या नक्षीचे पुठ्ठे तयार करणे वेगळे, हे विणकरांच्या घरातील मुलांना सांगावे लागत नाही.

काही शिक्षकबंधू म्हणतील, 'सुरुवात नकलेनेच होते.' मान्य आहे. अक्षरेही आपण गिरवूनच शिकलो. पण जन्मभर कोणी गिरवीत बसत नाही. इतर काही म्हणतील, 'अभ्यासक्रम पुरा करताना वेळ कुठला?' त्यांना माझे नम्र सांगणे असे, की हा अभ्यासक्रमच आहे. पाच व्होल्टांच्या पिनेला लाल दिवा जोडताना दिव्यावर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ व्होल्ट रोधावर. प्रवाह १० मिलिअँपिअर हवा असेल, तर ओहमच्या नियमाने रोध ३०० ओहम येतो. बाजारात सहज मिळतो तो ३३० ओहमचा. पाठ्यपुस्तकातला नियम येथे हाताला लागतो. बहुमापकाने विभवांतर मोजून तो पडताळताही येतो.

म्हणून परीक्षकांनी आणि शिक्षकांनी तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. पहिली, झगमगाटाआधी विद्यार्थ्याची नोंदवही पाहावी. फसलेल्या जोडण्या तीत असतील, तर गुण वाढवावेत. दुसरी, एखादी तार काढून 'आता काय होईल?' असे विचारावे. तिसरी, प्रकल्प गावातल्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर असावा, असा आग्रह धरावा.

ज्यांच्या शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा नाही, त्यांनीही निराश होऊ नये. कागदावर सात रस्ते काढा, वाहने मोजा, कोणता दिवा केव्हा लागावा याचा तक्ता करा. प्रकल्पाचा निम्म्याहून अधिक भाग तेथेच पुरा होतो. चिप नंतर आणता येते.