पडताळणीतली चूक कुणाची, भुर्दंड कुणाला?

‘अमेरिकेत ट्रकवर जायचंय, कागद काय लागतील?’ असं विचारणारी मुलं ड्रायव्हिंग स्कूलच्या आणि परवाना सल्लागाराच्या टेबलाशी येतात. उत्तर आपण देतो. म्हणून तिथले बदललेले नियम आपल्याला नीट ठाऊक असायला हवेत.

तिकडे अवजड वाहनाचा परवाना, म्हणजे सीडीएल, राज्य सरकार देतं; निकष मात्र केंद्राचे. ग्रीन कार्डधारकाला नेहमीचा सीडीएल मिळतो. इतर परदेशी चालकासाठी ‘नॉन-डोमिसाइल्ड’ सीडीएल असतो. त्याला पूर्वी ईएडी, म्हणजे काम करण्याची मुभा देणारं कार्ड, पुरत असे. आश्रयासाठी अर्ज केलेले हजारो पंजाबी चालक याच वाटेने ट्रकवर बसले. सप्टेंबर २०२५मध्ये परिवहन खात्याने हा मार्ग बंद केला. एच-२ए, एच-२बी आणि ई-२ हे तीनच व्हिसा ग्राह्य धरले, ‘सेव्ह’ या केंद्रीय प्रणालीवर तपासणी सक्तीची केली आणि परवान्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षावर आणली. नोव्हेंबरात न्यायालयाने स्थगिती दिली. फेब्रुवारी २०२६मध्ये जवळपास तोच नियम अंतिम म्हणून आला.

यामागे ऑगस्ट २०२५मधला फ्लोरिडातला अपघात होता. महामार्गावर मनाई असलेल्या ठिकाणी एका परदेशी चालकाने ट्रक वळवला आणि तिघांचा जीव गेला. त्यानंतर संताप उसळला, तो समजण्यासारखा आहे. पण स्थगिती देताना न्यायालयाने खात्याच्याच आकडेवारीवर बोट ठेवलं. ती अपुरी असल्याचं खातंही मान्य करतं, तरी तिच्यानुसार एकूण सीडीएलमध्ये या परवान्यांचा वाटा सुमारे ५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत सुमारे ०.२ टक्के.

कॅलिफोर्नियाचं प्रकरण तर आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने अभ्यासावं. तिथे सुमारे १७ हजार चालकांना परवाना रद्द होणार असल्याच्या नोटिसा गेल्या. कारण, परवान्याची मुदत त्यांच्या कायदेशीर वास्तव्याच्या मुदतीपलीकडे गेलेली. खिडकीवर ईएडी समोर असतं, त्यावर संपण्याची तारीख ठळक छापलेली असते. तीच तारीख परवान्यावर उतरवायची, एवढंच काम. ते कार्यालयाकडून झालं नाही. चालकाने खरे कागद दिले होते, परीक्षा दिली होती, आणि हप्त्यावर घेतलेला ट्रक मात्र त्याचा उभा राहिला.

आमचं मत स्पष्ट आहे. प्रत्येक अर्जाची स्थलांतर-स्थिती तपासलीच पाहिजे, तारखा जुळल्याच पाहिजेत. पण काम करण्याचा कायदेशीर हक्क असलेला अख्खा वर्ग वगळणं ही पडताळणी नव्हे, आणि त्याने रस्ता सुरक्षित होतो याचा पुरावा खात्याने दिलेला नाही.

आता आपल्याकडचं. आरटीओतून मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर तिथे ट्रक चालवता येत नाही. ई-२ गुंतवणूकदारांचा व्हिसा आहे आणि त्या कराराच्या देशांत भारत नाही. एच-४ व्हिसावर गेलेल्यांचं ईएडीही आता या परवान्याला पुरत नाही. ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणं अमेरिकेने ऑगस्ट २०२५मध्येच थांबवलं होतं. तेव्हा ‘आधी पोहोच, परवान्याचं तिथे बघू’ असं कुणी एजंट सांगत असेल, तर मुलाच्या वडिलांना जमीन गहाण टाकण्याआधी थांबवा. व्हिसाचा प्रकार आणि त्यावर सीडीएल मिळतो की नाही, हे एजंटाकडून लेखी घ्यायला लावा.