पुडीवर ‘जैन’ लिहिलं म्हणून?



गेल्या रविवारी पाठशाळा सुटल्यावर मुलांना खाऊ म्हणून चटपटीत पुड्या आणि कोलाच्या बाटल्या वाटल्या. मी कुरकुर केली, तर एक जण म्हणाली, “काकू, जैन आहे ते! कांदा-लसूण, बटाटा काही नाही.”

खरं आहे. पण मैदा आहे, पामतेल आहे, मीठ आहे, साखर आहे. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. आणि ‘जैन’ हा शब्द काय वगळलं ते सांगतो, काय भरलं ते नाही.

मी बी.कॉम. झालेली, ताळेबंद वाचायची सवय. पुडीची मागची बाजूही तशीच वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिली तीन नावं वाचली तरी पुरे. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळतं. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, आणि तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. मुलांना त्याहून कमी. ३०० मिलिलिटर कोलात ३० ग्रॅमच्या वर साखर असते, सहा-सात चमचे. घरी एका पेल्यात आपण इतकी घालू का?

दोष माझाही आहे. ह्यांचा रक्तदाब वाढला तेव्हा मी आमटीतलं मीठ कमी केलं आणि चहाबरोबर विकतची शेव मात्र वाटीभर देतच राहिले. जैन होती ना! डॉक्टरांनी दिवसभराचं खाणं विचारलं, तेव्हा मान खाली घालावी लागली.

आपल्या बाह्य तपांत अनशनानंतर दुसरं येतं ऊनोदर, म्हणजे थोडी भूक ठेवून उठणं. ही पुडी नेमकं उलटं शिकवते. पोट भरत नाही आणि हात थांबत नाही. वर्गात रसपरित्यागाचा पाठ द्यायचा आणि दारात जिभेचे चोचले वाटायचे?

सणाला घरची चकली खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे. आणि ‘वेळ नाही’ म्हणू नका. फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं वाटायला कितीसा वेळ लागतो?

पुढच्या रविवारचा खाऊ माझ्याकडे. त्यानंतर ज्यांना पुड्याच वाटायच्या असतील, त्यांनी आधी मागची बाजू मुलांसमोर मोठ्याने वाचावी आणि मग खुशाल वाटाव्यात.