सवलत तिकिटाला, अडसर पायरीचा

अपंगांच्या प्रश्नावर शब्दांची उधळपट्टी करणे सत्ताधारी वर्गाला नेहमीच परवडते. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द पुढे केला आणि त्याच महिन्यात ‘सुगम्य भारत’ अभियानाचा नारळ फुटला. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही निर्माण झाला. नाव बदलले, खाते वाढले. पायरी मात्र जागची हलली नाही. जामनेर तालुक्यातील एखाद्या अपंग श्रमिकाने चार दिवस कोठे हिंडून येण्याचे मनात आणले, की या घोषणांचे मोल त्याला घराच्या उंबऱ्याबाहेर पडताच कळते.

एसटी महामंडळ चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या प्रवाशास तिकिटात पाऊणपट सवलत देते. परंतु बसच्या दारातील उंच पायऱ्यांत एका इंचाचीही सवलत नाही. ज्याला बसमध्ये चढताच येत नाही, त्याने सवलतीचे तिकीट घेऊन करायचे काय? रेल्वेची कथा निराळी नाही. पाचोरा-जामनेर ही शतकभर धावलेली नॅरोगेज गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. तिच्या जागी ब्रॉडगेज मार्ग व बोदवडपर्यंत विस्तार मंजूर झाला आहे. पण आपल्या रेल्वेचा उंच म्हणवला जाणारा फलाटही जेमतेम ८४ सेंटिमीटरचा आणि डब्याचा तळ सुमारे सव्वा मीटरवर! चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला उचलून आत टाकावे लागते, जणू तो कापसाची गाठच आहे. नवा मार्ग कागदावर असतानाच हा फरक मिटवून घेतला नाही, तर तो आणखी शंभर वर्षे पक्का होईल.

जामनेरहून पहूरमार्गे फर्दापूर गाठायला फार वेळ लागत नाही. तालुक्यातून वाहणारी वाघूर ज्या डोंगरांत उगम पावते, तेथेच अजिंठ्याची लेणी आहेत. १९८३ पासून ती जागतिक वारसा आहेत. जगभरची माणसे ती पाहायला येतात. उशाशी राहणाऱ्या अपंगाला मात्र ती दुर्लभच. प्रदूषण टाळण्यासाठी खासगी वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवली जातात आणि पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. त्यानंतर चढ, पायऱ्या, आणि लेण्यालेण्यांना जोडणाऱ्या वाटेवर पुन्हा पायऱ्या. उपाय एकच, डोली! चार कष्टकऱ्यांच्या खांद्यांवर एका माणसाचा भार. वाहणाऱ्याचे खांदे सोलतात, बसणाऱ्याचा स्वाभिमान सोलला जातो, आणि या दोघांच्या अगतिकतेवर शासन आपली जबाबदारी झटकते.

हे अटळ होते काय? मुळीच नाही. जपानी कर्जाच्या साहाय्याने राबवलेल्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पातून २०१३ मध्ये पायथ्याशी अभ्यागत केंद्र उघडले. त्यात लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या होत्या. डोंगर चढू न शकणाऱ्यांसाठी याहून मोलाची सोय ती कोणती? पण काही वर्षांतच थकीत बिलांपायी त्या केंद्राला कुलूप लागले. जुलै २०२३ नंतर राज्याचे पर्यटन खाते वर्षभराहून अधिक काळ जामनेरच्याच आमदारांकडे होते. खाते दाराशी आले, पण अजिंठ्याची वाट अपंगासाठी मोकळी झाली नाही.

वारशाला धक्का लागेल, ही पळवाट नेहमी पुढे केली जाते. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसचा वारसा काय कमी प्राचीन आहे? तेथे डिसेंबर २०२० मध्ये अपंगांसाठी नवी लिफ्ट सुरू झाली. त्याच ग्रीसच्या अनेक किनाऱ्यांवर, क्रीटसारख्या बेटांवरही, रुळांवरून सरकणारी आसने आहेत. पाय निकामी झालेला माणूस त्यांवर बसून, कोणाच्या खांद्याशिवाय, स्वतः समुद्रात उतरतो. अर्थात भूमध्य समुद्रातील ही सुखे प्रामुख्याने पैसे मोजणाऱ्या पर्यटकाची आहेत, हे विसरता कामा नये. म्हणून चेन्नईचे उदाहरण अधिक जवळचे. अपंग हक्क संघटनांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये मरीना किनाऱ्यावर पाण्यापर्यंत लाकडी मार्ग झाला. पुढच्याच महिन्यात वादळाने तो मोडला, आणि तो पुन्हा बांधला गेला. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे. तेथे वाळूवर फळ्या टाकायला कोणते तंत्रज्ञान आड येते?

कायदाही आड येत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ती २०२२ मध्ये उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीपुरते ठेवणारा नियम अवैध ठरवला आणि सक्तीचे निकष करण्यास केंद्राला तीन महिने दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेविरुद्ध ठरवून, त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासह सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माथेरानला जो न्याय, तो अजिंठ्याच्या डोलीला का नको?

चळवळीतही काहींना वाटते की, जेथे भाकरीची भ्रांत तेथे सहलीची चैन कशाला? १९३६ मध्ये फ्रान्सच्या लोकआघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि हजारो कामगार कुटुंबांनी प्रथमच समुद्र पाहिला, तेव्हा प्रतिष्ठितांनी नाके मुरडली होती. विश्रांती ही आपलीच मिरास आहे असे मालकवर्ग मानतो. तो समज श्रमिकांच्या पक्षाने उचलून धरावा काय? २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग नोंदले गेले, त्यांतील जवळजवळ सत्तर टक्के खेड्यांत. कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गमावलेला सालदार, मळणी यंत्राने लुळा केलेला शेतमजूर हे त्यांतच आहेत. ज्या उत्पादनाने त्यांचे अवयव घेतले, त्या उत्पादनाच्या सुखातील वाटा मागणे ही चैन नव्हे. संजय गांधी निराधार योजनेचे अपंगांचे अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाले, हे योग्यच. पण घराबाहेर पडण्याची वाटच नसेल तर ते अनुदान घरात बसून राहण्याची मजुरी ठरते.

म्हणून तालुक्यातील कार्यकर्त्यांनी या मागण्या हाती घ्याव्यात: एसटीच्या प्रत्येक आगारात सखल तळाच्या गाड्या, नव्या जामनेर मार्गावर डब्याच्या पातळीचे फलाट, अपंगांच्या तीनचाकी वाहनांना लेण्यांच्या पायथ्यापर्यंत परवाना, खडकाला हात न लावता काढता-घालता येणारे उतारमार्ग, प्रतिकृतींचे केंद्र कायम खुले, डोलीवाल्यांना प्रशिक्षित साहाय्यक म्हणून कायम वेतनी नोकरी, आणि कोकणच्या प्रत्येक प्रमुख किनाऱ्यावर पाण्यापर्यंत वाट. अपंग आणि डोलीवाला यांना एकमेकांसमोर उभे करण्याचा डाव सरकार खेळेल. त्या दोघांना एकाच मोर्चात, एकाच मागणीपत्राखाली तहसील कचेरीवर आणणे हे पक्षाचे काम आहे. आणि त्या कचेरीच्या पायऱ्या अपंगाला चढता येत नसतील, तर मागणीपत्र घ्यायला तहसीलदारांनी खाली उतरावे!