बुजलेल्या तळ्यांचा नकाशा

धोबीतलावला तलाव नाही. सी. पी. टँकला टँक नाही, गवालिया टँकला नाही, खारा तलावला नाही, आणि दो टाकीला तर दोनांपैकी एकही टाकी उरलेली नाही. ही नावे आपण रोज उच्चारतो, बसमधून तिथे उतरतो, आणि तळे गेले कुठे हा प्रश्न कुणालाच पडत नाही. पायधुणीला पूर्वी लोक खाडीच्या पाण्यात पाय धुऊन पुढे जात, एवढे आपण ऐकलेले असते. उमरखाडीच्या नावात तर खाडी उघडच आहे. लोक या नावांकडे गमतीच्या गोष्टी म्हणून पाहतात. मला मात्र तो एक नकाशा वाटतो, आणि तो कागदावर उतरवण्याचे काम आपल्या महाविद्यालयाने हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारने पाणथळ जागांचा नकाशा केलेलाच आहे, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशाची नकाशावही तयार केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या वहीत सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या अशा २,०१,५०३ जागांची नोंद आहे. परंतु उपग्रहाला आज असलेले पाणी दिसते. गेलेले पाणी त्याला कसे दिसणार? शिवाय २०१७ च्या नियमांनी भातखाचरे, मिठागरे, नद्यांची पात्रे आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेली तळी पाणथळ जागेच्या व्याख्येतूनच वगळली. मुंबईची निम्मी कहाणी तिथेच दाराबाहेर राहिली.

तळी बुजवणारे सारेच दुष्ट होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६० च्या सुमारास विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि तळ्यांची गरज ओसरली. गरज संपली तशी निगाही संपली. पाणी नासले, डास वाढले, हिवतापाने माणसे मरू लागली. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला, तेव्हा उघड्या विहिरींवर आणि साठलेल्या पाण्यावर बोट ठेवले गेले. त्या काळी आपण असतो तर आपणही दोन टोपल्या माती टाकलीच असती.

पण माती टाकल्याने सखल जागा डोंगर होत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये हॉर्नबीचा बांध पडला. बांधाने समुद्र अडवला, मात्र आतली जमीन होती तेवढ्याच उंचीवर राहिली. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की गटारांचे पाणी समुद्रात उतरत नाही, आणि ते आपल्या जुन्या वाटेने सखलात येऊन बसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीने आपले जुने काठ कुठे होते ते सर्वांना दाखवून दिले. हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी महापालिकेला अलीकडे परळ-दादर भागात मैदानांखाली टाक्या बांधाव्या लागल्या. जमिनीवरची तळी बुजवायची आणि शतकानंतर जमिनीखाली खणायची! खर्चाचा हिशेब कुणी मांडावा?

नकाशा करायचाच तर त्यात एक रकाना आवर्जून हवा: ही जागा कुणी बुजवली आणि त्यावर आज काय उभे आहे. हा रकाना नसेल तर असला नकाशा गरिबांच्या मुळावर येईल, अशी मला धास्ती वाटते. धारावी ही मिठीच्या काठची दलदल होती. तिथे आलेल्यांनी स्वतः भर घालून घरे उभी केली, कारण दुसरी कोरडी जागा त्यांना कुणी दिली नाही. नदीच्या दुसऱ्या बाजूला तसल्याच खाजणावर भर घालून वांद्रे-कुर्ला संकुल झाले, आणि ते सरकारी योजनेने झाले. पूर आला की ‘नाल्यावर घर कशाला बांधलेत’ असे झोपडीला विचारले जाते, काचेच्या इमारतीला विचारले जात नाही. नकाशावर दोघांना एकाच रंगाने रंगवले पाहिजे.

साधने आहेत. लाफ्टन यांची १८६५ ते १८७२ ची मोजणी आहे, १९०९ चे गॅझेटियर आहे, आणि मराठीत गोविंद नारायण माडगांवकरांचे १८६३ चे ‘मुंबईचे वर्णन’ आहे. पण मला विशेष भरवसा वाटतो तो माणसांवर. माझे वडील मशीद बंदर ते भुलेश्वर हातगाडी ओढतात. नकाशा त्यांना वाचता येत नाही. परंतु कोणत्या गल्लीत भरलेली गाडी आपोआप पुढे पळते आणि कुठे छाती लावून रेटावी लागते, हे ते डोळे मिटून सांगतील. रस्त्याचा जो उतार आपल्या डोळ्यांना कळत नाही, तो त्यांच्या खांद्यांना कळतो. अशा हमालांना, गाडीवाल्यांना, मोऱ्या साफ करणाऱ्या कामगारांना वही-पेन्सिल घेऊन भेटणारा विद्यार्थी अजून मी पाहिलेला नाही. मोठमोठे प्रबंध होतात, पण हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही.

घाई करण्याचे कारण म्हणजे नावेही चालली आहेत. गवालिया टँकच्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतो याचा मला अभिमानच आहे. पण नव्या नावाच्या पाटीखाली जुने नाव लहान अक्षरांत राहिले तर क्रांतीचे काय बिघडेल? नाव गेले की तळे दुसऱ्यांदा बुजते.

दिवाळीच्या सुटीत काळबादेवी-भुलेश्वरपासून सुरुवात करता येईल. तो भाग लहान आहे, पायी फिरून होण्यासारखा. भूगोल विभागाने जुन्या नकाशांच्या प्रती मिळवून द्याव्यात, इतिहासाच्या सरांनी गॅझेटियर कसे वाचायचे ते शिकवावे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आपली नावे माझ्याकडे द्यावीत. माझ्या वडिलांना रविवारी सुट्टी असते. ते बरोबर यायला तयार आहेत.