मध आमचा, कस परदेशापुरता!



कपाशीला जोड म्हणून मधपेट्या ठेवा, असा उपदेश आम्हांला जो तो करतो. २०२० साली केंद्र सरकारने या धंद्यासाठी ५०० कोटी जाहीर केले. पेटीची सोय झाली. मध विकायचा कोठे, ते कोणी सांगितले नाही.

त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणाऱ्या मधाला पाकाची भेसळ हुडकणारी 'एनएमआर' तपासणी सक्तीची झाली. आपल्या गिऱ्हाइकाच्या मधाला ती सक्ती झाली नाही. डिसेंबरात दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'ने देशी बाजारातल्या १३ छापांचा मध जर्मनीत त्याच कसाला लावला. उतरले फक्त ३! साखरेच्या पाकाच्या भावाशी मधमाशीने स्पर्धा करायची कशी?

आम्हांला आणखी अनुदान नको. परदेशी गिऱ्हाइकाला जो कस, तोच आमच्या गिऱ्हाइकाला लावा. एवढे झाले की खऱ्या मधाला भाव आपोआप येईल.

बाकीचे काम आपले आहे. एकट्याने पाच किलो नेले तर व्यापारी म्हणेल तो भाव. दहा गावांचा मध एकत्र करू. माशांनी मेणाने झाकलेलाच काढू. कच्चा मध आंबतो. ज्वारी नुसता पराग देते, तिच्यावर मधाचा हिशोब मांडू नये. कपाशीच्या फुलोऱ्यात फवारणी टाळू. करावीच लागली तर माशा परतल्यावर, संध्याकाळी. बाटलीवर आपल्याच गावांचे नाव आणि तपासणीचा दाखला लावू.

कापूस कच्चा विकला, रुई-सरकीची कमाई दुसऱ्याने नेली. मधात तरी ती चूक नको!