आमची गोळी का तरंगली नाही?

मी कॉन्व्हेंटवाली, ‘स्फटिक’ लिहितानाही दोनदा विचार करते. सांभाळून घ्या.

आमचा मिनी प्रोजेक्ट होता वायबीसीओचा. इट्रियम, बेरियम, तांबं १:२:३ आणि ऑक्सिजन. पेरोव्हस्काइट घराण्यातलंच ऑक्साइड. सुमारे ९२ केल्विनच्या खाली ते सुपरकंडक्टर होतं हे १९८७ साली कळलं. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनचा, म्हणून आपल्या लॅबमध्येही जमतं. गोळी थंड करायची, वर मॅग्नेट ठेवला की तो तरंगतो.

मुलांचा तरंगला, आमचा नाही. पावडर एकत्रच दळलेली, भट्टी तीच, ९३० अंशही तेच. फक्त आम्ही गोळी लालभडक असतानाच बाहेर काढली.

एवढ्या तापमानाला यातला बराच ऑक्सिजन निघून जातो. उरलेला कसाही विखुरतो, म्हणून स्फटिकाच्या दोन बाजू सारख्या राहतात. ही टेट्रॅगोनल रचना. ऑक्सिजनमध्ये सावकाश थंड केलं, तर साधारण सातशेच्या खाली तो परत आत शिरून एकाच दिशेने ओळी धरतो आणि बाजू असमान होतात. ही ऑर्थोऱ्हॉम्बिक, आणि सुपरकंडक्टर होते ती हीच. झटकन थंड केलं की अणूंना हलायला वेळच मिळत नाही, जुनी रचना अडकून बसते. मेटास्टेबल म्हणतात ते हेच. लोहार कोयत्याला पाणी देतो तिथे अशी घाई हवीच. इथे तीच नडली.

घाई का केली? रात्रभर सिलिंडरपाशी कोणीतरी बसावं लागतं. मुलांच्या हॉस्टेलला वेळेचं बंधन नाही, आमचं गेट आठला बंद. साडेसातला चिमट्याने गोळी काढली आणि पळालो. जर्नलमध्ये मात्र ‘मॅग्नेट किंचित तरंगला’ असं लिहिलं, मुलांचं बघून. सहीसुद्धा मिळाली. ते खोटं होतं, इथे कबूल करते.

सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणतात. मग वॉचमनकाकांना एक रात्र लॅबच्या दाराशी बसवा ना! आम्ही तिघी बसायला तयार आहोत, वॉर्डनबाईंची सही आणतो.

गोळी अजून वाया गेलेली नाही. ४५० अंशांना ऑक्सिजनमध्ये रात्रभर ठेवली, की ती परत ऑक्सिजन घेते आणि रचना बदलते. नव्याने दळायचीही गरज नाही. सध्या ती डेसिकेटरमध्ये आहे. दमट हवेत ती खराब होते, तेव्हा परवानगी पावसाळ्याआधी मिळाली तर बरं.