भाषण ऐकलं, टाळ्या वाजवल्या. आता कागद दाखवा



आजची नोंद पिकाची नाही, भाषणाची आहे. पण ती शेवटी कांद्याच्या चाळीपाशीच येते, म्हणून इथं लिहितोय.

काल संध्याकाळी पुतण्या मोबाईल घेऊन आला. म्हणाला, "काका, हे ऐका, कसला धुतलाय सरकारला!" क्लिप जुनीच होती. २९ जुलै २०२४ ला लोकसभेत बजेटवर बोलताना विरोधी पक्षनेते राहुल गांधींनी चक्रव्यूहाचा दाखला दिला होता, ते भाषण. अभिमन्यूला सहा जणांनी घेरून मारलं, आज देशालाही सहा जणांनी घेरलंय, असं ते म्हणाले. अध्यक्षांनी मधे मधे टोकलं, सत्ताधारी बाकांवरून आरडाओरड झाली. त्याच भाषणात ते शेतकऱ्यावर आले. हमीभावाचा कायदा मागितला तर तो बजेटमध्ये दिला नाही, आम्ही याच सभागृहात तो करून दाखवू, असं म्हणाले.

पुतण्या खूश. शेजारी बसलेले आमचे मेव्हणे सत्ताधारी पक्षाचे, ते चिडले. "यांनी साठ वर्षांत काय केलं?" झालं, चहा थंड होईपर्यंत दोघांची जुंपली. मी गप बसून ऐकत होतो. दोघांचे कांदे एकाच चाळीत आहेत, भाव दोघांना एकच मिळणार आहे, आणि भांडतायत कुणासाठी तर दिल्लीतल्या दोन बाकांसाठी.

मग मी एकच विचारलं. "हमीभावाचा कायदा उद्या झाला, तर या चाळीतल्या कांद्याला काय मिळेल?"

दोघंही गप.

कारण कांद्याला हमीभावच नाही. केंद्र सरकार २२ पिकांचे हमीभाव जाहीर करतं आणि उसाला एफआरपी देतं. ज्वारी, बाजरी, तूर, सोयाबीन, कापूस त्यात आहे. कांदा नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. सोयाबीन-कापसाच्या भावांसाठी हमीभावाचा कायदा हवाच, माझा पाठिंबा आहे. पण नाशिक, नगर, पुणे, धुळे, सोलापूरच्या कांदेवाल्यानं त्या भाषणावर टाळी वाजवताना समजून घ्यावं, की ही टाळी सध्या दुसऱ्याच्या पिकासाठी आहे.

आमचा कांदा हमीभावानं नाही, दिल्लीच्या अधिसूचनेनं मरतो. तारखा माझ्या वहीत आहेत, त्या बघा.

१९ ऑगस्ट २०२३ : निर्यातीवर ४० टक्के शुल्क.
ऑक्टोबर २०२३ अखेर : किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर.
८ डिसेंबर २०२३ : सरळ निर्यातबंदी. मुदत ३१ मार्च २०२४.
२२ मार्च २०२४ : मुदत संपायला नऊ दिवस असताना पुढील आदेशापर्यंत वाढ.
४ मे २०२४ : बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं.
१३ सप्टेंबर २०२४ : किमान मूल्य काढलं, शुल्क निम्म्यावर, २० टक्के.
१ एप्रिल २०२५ : शुल्क शून्य.

आता याच्या शेजारी पिकाचं वेळापत्रक ठेवा. डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. ८ डिसेंबरची बंदी नेमकी त्याच्यावर पडली. रात्रीतून आदेश आला, सकाळी भाव कोसळले, ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर आले.

त्याहून वाईट मार्चमधलं. डिसेंबर-जानेवारीत आपण उन्हाळ कांद्याची लागण करतो. त्या साली अनेकांनी हिशोब असा केला, की बंदी ३१ मार्चपर्यंत आहे, आपला माल मार्च-एप्रिलमध्ये निघेल, म्हणजे तोवर दार उघडेल. सरकारनं स्वतः लिहिलेली तारीख होती, तिच्यावर भरवसा ठेवून लागण केली, मजुरी घातली, खतं घातली. आणि काढणीच्या तोंडावर तीच तारीख पुसली गेली. भाव पडणं शेतकऱ्याला नवीन नाही. पण लेखी शब्द फिरणं हे वेगळं दुखणं आहे. रोगावर औषध असतं, फिरलेल्या शब्दावर काय फवारणार?

४ मेला बंदी उठली आणि २० मेला नाशिक, दिंडोरी, धुळ्याचं मतदान होतं. सप्टेंबरात शुल्क निम्मं झालं आणि नोव्हेंबरात विधानसभा होती. मी काही म्हणत नाही, तारखा तुमच्यापुढं आहेत.

आता विरोधकांकडं येतो, कारण आजचा विषय त्यांचा आहे.

त्यांनी टीका केली का? केली. कांद्यावर बोलले, ऑगस्ट २०२४ मध्ये कांद्याच्या माळा घालून संसदेच्या आवारात उभे राहिले. त्या टीकेचा उपयोगही झाला. २०२४ च्या लोकसभेत दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या, नाशिक, नगरही गेलं. कांद्यानं फटका दिला हे सत्ताधारी नेत्यांनीच नंतर कबूल केलं. म्हणून "संसदेत बोलून काय होतं" असं मी म्हणणार नाही. बोललं नाही तर आपलं दुखणं दिल्लीला कळतच नाही.

पण दोन गोष्टी मला सलतात.

पहिली. निर्यातबंदी ८ डिसेंबरला आली तेव्हा हिवाळी अधिवेशन चालू होतं. म्हणजे प्रश्न विचारायला याहून चांगली वेळ नाही. मग १३ तारखेला संसदेत घुसखोरी झाली, त्यावर निवेदन मागण्यावरून गोंधळ, फलक, आणि निलंबन. एकूण १४६ खासदार बाहेर गेले. १९ डिसेंबरला सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे निलंबित झाले. कोल्हेंच्या शिरूर मतदारसंघात जुन्नर, आंबेगाव, खेड, म्हणजे कांद्याचा पट्टा. त्यानंतर त्यांनी शिवनेरीहून पुण्यापर्यंत आक्रोश मोर्चा काढला, तो योग्यच होता. पण ज्या जागेवर मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं, ती जागा रिकामी राहिली. सरकारनं एवढ्या खासदारांना बाहेर काढणं चूक होतं, हे माझं स्पष्ट मत. आणि फलक घेऊन जाताना आपण निलंबित होऊ हे विरोधकांनाही ठाऊक होतं. दोघांच्या ओढाताणीत कांदा बांधावरच राहिला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आज जे टीका करतायत ते सत्तेत असताना काय झालं? डिसेंबर २०१० मध्ये भाव वाढले तेव्हा युपीए सरकारनं निर्यात थांबवली. सप्टेंबर २०११ मध्ये पुन्हा बंदी घातली, आंदोलन झालं, मग काही दिवसांत उठवली. कृषिमंत्री महाराष्ट्राचे, शरद पवार. तेव्हा आजचे सत्ताधारी विरोधी बाकांवर बसून महागाईवरून सरकारला झोडपत होते. पुढे त्यांचं सरकार आलं आणि त्यांनी २०१९ ला बंदी घातली, २०२० ला घातली, २०२३ ला घातली. बाकं बदलली, आदेश तोच राहिला.

असं का होतं, तेही समजून घेऊ. १९९८ ला कांद्याच्या भावानं दिल्लीतलं सरकार गेलं, तेव्हापासून प्रत्येक पक्ष कांद्याला भितो. शहरातला मतदार किलोमागे वीस रुपये वाढले की लगेच बोलतो. आपण किलोमागे वीस रुपये गमावले तर चार महिन्यांनी मतदान आलं तरच मोजले जातो. त्यात विरोधक एकाच भाषणात दोन्ही म्हणतात, "भाजीपाला महाग झाला" आणि "शेतकऱ्याला भाव नाही". दोन्ही खरं असू शकतं, मधे व्यापार आहे, नासाडी आहे. पण मग दोन्हीचा मेळ कसा घालणार ते सांगायला नको का?

आमचे एक कृषी पदवीधर मित्र आहेत, त्यांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. निर्यातबंदी संसदेत मंजूर होत नाही. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यानं केंद्राला आदेश काढायचा अधिकार दिलाय, राजपत्रात छापला की लागू. पण त्याच कायद्यात असं आहे, की हा आदेश नंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढं ठेवावा लागतो, आणि सभागृहं तो बदलू किंवा रद्द करू शकतात. म्हणजे खासदाराच्या हातात भाषणाशिवाय दुसरं हत्यारही आहे. बहुमत नसेल तर हरेल, हरू दे. पण कोण कुठल्या बाजूला उभं राहिलं ते कागदावर येईल.

खासगी विधेयकाचाही मार्ग आहे. राजू शेट्टींनी २०१८ ला हमीभावाच्या हक्काचं विधेयक लोकसभेत मांडलं होतं. १९७० नंतर एकही खासगी विधेयक पास झालेलं नाही, हे मलाही माहीत आहे. तरी मांडलेल्या विधेयकाला कलमं असतात, त्यातून पळ काढता येत नाही. काँग्रेसनं मार्च २०२४ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यात येऊन स्थिर आयात-निर्यात धोरणाची गॅरंटी दिली होती. चांगली गोष्ट. आता त्या गॅरंटीची कलमं लिहून दाखवा.

माझ्या मते कलमं तीनच पुरेत.

एक, निर्यातीवर बंदी किंवा शुल्क लावायचं तर लागणीच्या आधी सांगा. रोप वावरात गेल्यावर नाही. सरकारनं लिहिलेली मुदत सरकारनंच पाळायची.

दोन, सौदा झालेला, कंटेनरमध्ये भरलेला माल अडवायचा नाही. बाहेरचं गिऱ्हाईक एकदा तुटलं की दुसऱ्या देशाकडं जातं, ते परत आणायला वर्षं लागतात.

तीन, शहराला स्वस्त कांदा द्यायचा असेल तर जरूर द्या, पण फरक सरकारी तिजोरीतून भरा. आमच्या चाळीतून नाही.

आणि चौथी ओळ तळाला : आमचं सरकार आलं तरी हे आम्हाला लागू राहील. ही ओळ जो लिहील, त्याची टीका मी खरी मानेन. सत्ताधारी आघाडीचे खासदारही यातून सुटत नाहीत. त्यांनाही विचारा, की तुमच्या सरकारचा आदेश तुमच्याच मतदारसंघावर आला तेव्हा बैठकीत तुम्ही काय बोललात?

मेव्हणे म्हणाले, "एवढं कोण करतं?" पुतण्या म्हणाला, "काका, क्लिप तरी बघा पूर्ण." बघितली. भाषण चांगलंच आहे. पण चाळीतला कांदा चार-पाच महिन्यांत वजनाला घटतो, सडतो, मोड येतात. त्याला टाळ्यांचा वारा लागून काही टिकत नाही.

पुढच्या वेळी कुठल्याही पक्षाचा खासदार गावात आला की हार घालायच्या आधी वरचे मुद्दे पुढं करा. तुमच्या भागात कुणी विचारलं असेल, काय उत्तर मिळालं, तारखेसह खाली लिहा. माझ्या वहीत जागा आहे.

बाकी शेतातलं उद्या.